लॅपटॉप चालू होता

माझा लॅपटॉप चालू होता. हे सुरुवातीलाच सांगते, कारण सगळी हकीकत ऐकून झाल्यावर लोक हमखास विचारतात, "पण मुळात तो बंद कशाने पडला?" तो बंद पडला नव्हता.

लॅपटॉप मूळचा उत्कर्षाचा, म्हणजे आमच्या मुलीचा. ती इंजिनिअरिंगला गेली तेव्हा घेतलेला. पुढे खराडीच्या कंपनीने तिला स्वतःचा दिला आणि हा माझ्याकडे आला. आमच्या घरात नवी वस्तू माझ्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला प्रवेश करते आणि मग पायरी पायरीने उतरत माझ्यापर्यंत येते. मोबाइल माझ्या नवऱ्याचा, सुदर्शनचा जुना. मनगटावरचं घड्याळ उत्कर्षाचं जुनं. चष्म्याची फ्रेम सासूबाईंची. काचा तेवढ्या माझ्या स्वतःच्या. याबद्दल माझी तक्रार नाही. वापरलेल्या वस्तूचे दोष आधीच कुणीतरी शोधून ठेवलेले असतात, तो वेळ वाचतो.

या लॅपटॉपचे दोष मला पाठ होते. बिजागरी सैल झाल्यामुळे पडदा मागे पडे, म्हणून त्याला मागून लिंबाच्या लोणच्याची बरणी लावावी लागे. बॅटरी संपलेली, त्यामुळे वायर हलवायची नाही. पंखा सुरू झाला की सासूबाई दुसऱ्या खोलीतून म्हणत, "निघालं का गं तुझं विमान?" बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत मी वरणभाताचा कुकर लावून घेई. आमच्याकडे रात्रीचं जेवण वेळेवर होई, त्याचं श्रेय या लॅपटॉपला आहे. ते त्याला कुणी दिलं नाही. पण एकदा सुरू झाला की तो मी सांगेन ते आणि तेवढंच करी. आमच्या घरात असं दुसरं कुणी नव्हतं.

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझा प्रबंध लायकेनवर आहे. लायकेन म्हणजे दगडांवर, झाडांच्या सालीवर चिकटलेले राखाडी-हिरवट पापुद्रे. लोकांना ते समजावून सांगताना मी शेवटी "दगडफूल" म्हणते, आणि तिथेच माझं शास्त्र संपतं. "म्हणजे गोड्या मसाल्यातलं? त्याच्यावर पीएच.डी.?" असं म्हणून समोरचा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. वर्षाला मिलिमीटरभर वाढणारा हा जीव. त्याची वाढ मोजायची तर त्याच दगडाकडे वर्षानुवर्षं जावं लागतं. मी गेले. शहराभोवतीच्या टेकड्यांवरचे ठरावीक दगड, दर मोसमात फोटो, शेजारी पट्टी ठेवून. त्यातल्या दोन टेकड्यांच्या उतारावरचे माझे दगड मधल्या काळात रस्ता आणि इमारती करताना फोडले गेले. त्यांचे फोटो राहिले होते. फोटो, मोजमापांचं विश्लेषण, आकृत्या आणि जवळजवळ पूर्ण झालेला प्रबंध, सगळं त्या लॅपटॉपवर होतं. विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतवाढ दिवाळीच्या सुट्टीपर्यंत होती. त्यानंतर नोंदणी रद्द. माझं वय पन्नास. पुन्हा नोंदणी करून तोच दगड नव्याने दहा वर्षं मोजायला मी काही लायकेन नाही.

ही झाली वस्तुस्थिती. आता लोकांची मतं.

सुदर्शन एका सहकारी बँकेत शाखा व्यवस्थापक आहे आणि बँकेच्या संगणकीकरण समितीचा सदस्यही. दोन हजार चौदा सालच्या उन्हाळ्यात माझ्या लॅपटॉपवरच्या प्रणालीला कंपनीने अपडेट देणं थांबवलं. ही बातमी सुदर्शनला समितीत कळली आणि त्या दिवसापासून तो लॅपटॉपकडे, डॉक्टरांनी आशा सोडलेल्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहू लागला.

"हिशेबाच्या पुस्तकात याची किंमत आता शून्य आहे," तो म्हणाला.

"माझं काम होतं त्याच्यावर."

"प्रश्न कामाचा नाहीये. प्रत्येक वस्तूला एक आयुष्य असतं."

उत्कर्षा शनिवार-रविवार घरी असे. ती म्हणाली, "आई, प्लीज. माझ्या फ्रेंड्ससमोर तो लोणच्याची बरणी लावून उघडत जाऊ नकोस ना. इट्स सो एम्बॅरसिंग."

"मग मुरंब्याची लावू?"

"आई!"

गणपतीत घरी माणसं येतात. त्या वर्षी त्यांनी आरास पाहिली, प्रसाद घेतला आणि मग माझा लॅपटॉप पाहिला. प्रत्येकाला मत होतं आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. एकाने सांगितलं, आत्ता घेऊ नका, दिवाळीत भाव पडतात. दुसरे म्हणाले, दिवाळीनंतर नवा प्रोसेसर येतोय, तोवर थांबणार नाही तो मूर्ख. तिसऱ्या बाई म्हणाल्या, इथे कशाला घेता, अमेरिकेहून मागवा. आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक घराचा एक तरी मुलगा डिसेंबरात अमेरिकेहून येणार होता आणि एकाच्याही बॅगेत जागा नव्हती. या सगळ्यात "तुम्हाला याचा काही त्रास होतो का?" असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर एका शब्दात उत्तर देऊन मी चर्चा संपवली असती. बहुधा म्हणूनच विचारलं नसावं.

निर्णायक मत आप्पासाहेबांचं पडलं. आप्पासाहेब आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांची होती. त्यामुळे निवडणूक दरवर्षी होते आणि अध्यक्ष तेच राहतात. सोन्याची जाड साखळी, पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरी मोठी गाडी. माणूस मनाने चांगला. मोदक खाऊन झाल्यावर त्यांनी लॅपटॉप एका हाताने उचलून वजन पाहिलं, जसं काही कलिंगड घेताहेत.

"म्याडम, चालू हाय न्हवं?"

"उत्तम चालू आहे."

"मग आत्ताच काढा. चालू हाय तवर गिऱ्हाइक हाय. बंद पडल्यावर कोण घेतंय? म्या गाडी चालू असतानाच काढतो. जमीन बी पिकत व्हती तवाच काढली."

ती पिकती जमीन म्हणजे आमचा तिसरा मजला.

"आपल्या भाच्याचं दुकान हाय ना बुधवार पेठंत, पृथ्वीराजचं. जुना घेतो, नवा देतो. आपलं नाव सांगा फक्त."

सुदर्शनचे डोळे चमकले. मी त्याच रात्री त्याला आणि उत्कर्षाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "प्रबंध जमा होऊ दे. मग दिवाळीत नवा घ्या, जुना घ्या, पृथ्वीराजला घरी जेवायला बोलवा. तोवर याला कुणी हात लावायचा नाही." दोघांनी मान डोलावली. आमच्या घरात सगळ्यांनी एकदम मान डोलावली, की कुणी ऐकलेलं नसतं, हे मला इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं.

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. पंधरवड्यात आमच्याकडे नवी वस्तू घरात येत नाही. माझ्या सासूबाई सुशीलाबाई याबाबत कडक आहेत. त्या पंधरा दिवसांत झाडूसुद्धा घेत नाहीत. मीही निर्धास्त झाले. मला वाटलं, निदान पंधरा दिवस पूर्वज माझ्या प्रबंधावर पहारा देतील.

पण पितृपक्षात कुणीच काही घेत नसल्यामुळे दुकानदार सवलत देतात. ती सवलत सुदर्शनला सोडवेना आणि आईला दुखवताही येईना. मग त्याने एक तोडगा काढला, ज्याचा त्याला आजही अभिमान आहे. नव्या लॅपटॉपची नोंदणी पितृपक्षात करायची, भाव पितृपक्षाचा, आणि वस्तू घरी आणायची दसऱ्याला, मुहूर्तावर. अट एकच होती: जुना लॅपटॉप नोंदणीच्या वेळीच जमा करायचा. त्याने आईला विचारलं. सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि निर्वाळा दिला, "पंधरवड्यात नवं आणू नये. जुनं गेलेलं चालतं."

मी त्या दिवशी कॉलेजात प्रात्यक्षिकं घेत होते. संध्याकाळी घरी आले तर लोणच्याची बरणी जेवणाच्या टेबलावर एकटीच उभी होती.

"माझा लॅपटॉप?"

सुदर्शन पेपरमागून म्हणाला, "दसऱ्याला सांगणार होतो. सरप्राइज."

"कुठे आहे?"

"अगं, दिला. पण घाबरू नकोस, मी काय वेडा आहे का? बँकेचं मायग्रेशन केलंय मी. तुझा सगळा डेटा आधी काढून घेतला. हे बघ." त्याने माझी काळी डिस्क पुढे केली. ही डिस्क मी बॅकअपसाठी वापरत असे. दर रविवारी लॅपटॉपवरचं सगळं तिच्यावर उतरवून ठेवायचे.

मी ती डिस्क त्याच्या लॅपटॉपला लावली. त्यावर एक फोल्डर होता, त्याचं नाव त्याने 'सगळं' ठेवलं होतं. आत माझ्या डेस्कटॉपवरची सगळी चिन्हं ओळीने होती. प्रबंध. फोटो. आकृत्या. मी 'प्रबंध'वर बोट दाबलं. फाइल सापडत नाही, असं उत्तर आलं. मी तिचा आकार पाहिला. तीनशे पानांचा प्रबंध एका किलोबाइटचा झाला होता.

"ह्या फाइल्स नाहीत," मी म्हणाले. "हे शॉर्टकट आहेत. म्हणजे दारावरची पाटी. तू पाट्या काढून आणल्यास. घर तिकडेच राहिलं."

"असं कसं? 'प्रबंध' लिहिलंय ना त्याच्यावर?"

"बरं, ह्या डिस्कवर माझा बॅकअप होता तो कुठे आहे?"

इथे सुदर्शनने पेपर खाली ठेवला. "ती फुल्ल होती गं. तुझा डेटा कुठे बसणार तिच्यात? म्हणून मी आधी ती पूर्ण साफ केली. दोनदा फॉरमॅट मारलं, म्हणजे व्हायरस बियरस राहायला नको."

मला विज्ञानाची एक सवय आहे. एखादा प्रयोग फसला तर मी आधी तो कसा फसला हे समजून घेते, दुःख नंतर करते. त्यामुळे मी फोल्डरमधल्या एकेका पाटीचा आकार तपासत राहिले. सुदर्शनला वाटलं, मी समजून घेतलं. तो म्हणाला, "चहा टाकतेस?"

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब स्वतः त्यांच्या गाडीतून मला बुधवार पेठेत घेऊन निघाले. मी रिक्षाने गेले असते तर निम्म्या वेळात पोचले असते. ती गाडी बुधवार पेठेत शिरत नाही, बुधवार पेठ तिच्याभोवती शिरते. स्वारगेटच्या चौकात उभे असताना आप्पासाहेब म्हणाले, "काय म्हत्त्वाचं व्हतं का त्यात?"

"माझा प्रबंध होता."

"त्ये दगडफुलाचं?"

"हो."

"मग काय एवढं! दगडफूल भवानी पेठेत पाहिजे तेवढं मिळतंय." पण माझा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली घेतला. "घावंल म्याडम. भाचा हाय आपला."

पृथ्वीराजचं दुकान टीव्ही, वायरी आणि कॅमेऱ्यांनी खच्चून भरलेलं होतं. तो मामांच्या पाया पडला, मला स्टूल दिलं आणि जुन्या मालाच्या ढिगातून माझा लॅपटॉप लगेच काढून दिला. बिजागरी, उजव्या कोपऱ्यातला ओरखडा, सगळं जागच्या जागी. मला इतका आनंद झाला की मी लाजले.

"सुरू होत नाही आता मॅडम," तो म्हणाला. "डिस्क काढली ना. बाकी काय, खोकंच होतं, पण डिस्क एक नंबर होती. फार सांभाळून वापरलीत तुम्ही."

"डिस्क कुठे आहे?"

"ती बसवली की कॅमेऱ्याच्या बॉक्सला. काल संध्याकाळीच. सोसायटी आहे एक कोथरूडला, पार्किंगला कॅमेरे हवे होते त्यांना. पुसून बसवलीये, तुमचं काही लीक नाही होणार, टेन्शन घेऊ नका."

"आता त्यावर रेकॉर्डिंग चालू आहे?"

"चोवीस तास!" पृथ्वीराज अभिमानाने म्हणाला.

आप्पासाहेबांनी त्याला दोन शिव्या दिल्या. त्यातली एक त्यांच्या स्वतःच्या बहिणीला लागू पडत होती. तिघे मिळून कोथरूडला गेलो. तिथल्या सचिवांनी सांगितलं की समितीची बैठक बोलावून ठराव केल्याशिवाय बॉक्स उघडता येणार नाही, आणि बैठक पितृपक्षानंतर. मग त्यांनी सहानुभूती म्हणून मला पडदा दाखवला. दोन टेकड्यांवरच्या, आता अस्तित्वात नसलेल्या दगडांच्या जागी एक निळी स्कूटर उभी होती. तिच्यावर मांजर झोपलं होतं. चित्र अतिशय स्पष्ट होतं.

डिस्कवरून काही परत मिळेल का, हे मी पुढे दोन ठिकाणी विचारलं. दोघांनी सांगितलं, पुसलेलं एकवेळ मिळतं, वर दुसरं लिहिलेलं मिळत नाही.

त्या आठवड्यात मला एक फोन आला. लॅपटॉपच्या कंपनीतर्फे बोलते म्हणाली, मुलीचा आवाज होता, मागे पन्नास मुली एकदम बोलत होत्या. "मॅडम, तुम्ही आमच्या लाँग टर्म कस्टमर आहात. आमच्या लॅपटॉपबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, वन टू टेन?"

"दहा."

"ओ, थँक यू मॅडम! कुणाला रेकमेंड कराल का?"

"हो."

"आणि मॅडम, अपग्रेड करण्यामागचं मुख्य कारण काय? स्पीड, स्टोरेज, की डिझाइन?"

मी खूप विचार केला. मुलगी थांबली होती. शेवटी ती हळूच म्हणाली, "मॅडम, 'इतर' लिहू का?"

हातात उरलं होतं ते एवढंच: टेकड्यांवर जाताना लिहिलेल्या मोजमापाच्या वह्या आणि माझ्या मार्गदर्शक सरांकडे दोन वर्षांपूर्वीचा छापील कच्चा मसुदा, ज्यावर त्यांनी लाल शाईने इतकं लिहिलं होतं की माझं काळं शोधावं लागे. ते सगळं पुन्हा टंकायचं, गणितं पुन्हा करायची. त्यासाठी लॅपटॉप हवा. आता आमच्या घरातली परिस्थिती पाहा. सुदर्शनच्या लॅपटॉपवर बँकेचं काम, तो दुसऱ्याला देता येत नाही, नियम आहे. उत्कर्षाचा कंपनीचा, "आई, पॉलिसी आहे गं." आणि माझा नवा बुधवार पेठेत खोक्यात बंद, माझ्या नावाची चिठ्ठी लावून.

"तो आजच घेऊन येऊ," मी म्हणाले.

सासूबाईंनी वाती वळणं थांबवलं. "पंधरवड्यात?"

"आई, माझी मुदत संपतेय."

"अगं, दसरा काय कुठे पळून जातोय? शिवाय तुझ्या त्या दगडांना कसली घाई? तूच सांगतेस ना, वर्षाला एवढंसंच वाढतात म्हणून?" माझं शास्त्र त्यांनी ऐकलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी कॉलेजच्या स्टाफरूममधल्या संगणकावर बसू लागले. तो चार विभागांत मिळून एक आहे. माझी पाळी आली की मराठीच्या बाईंना नेमकी प्रश्नपत्रिका आठवे. नवरात्र बसलं तेव्हा माझं एक प्रकरण झालं होतं. सहा राहिली होती. मी विद्यापीठात गेले.

विद्यापीठात शेवटच्या मुदतवाढीनंतर एक अपवादात्मक मुदतवाढ असते. ती कुणाला माहीत नसते, म्हणूनच ती अपवादात्मक राहते. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कारण?"

मी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. एवढं ऐकून घेणारं त्या महिन्यात मला पहिल्यांदाच कुणी भेटलं.

"म्हणजे लॅपटॉप बिघडला होता."

"नाही. चालू होता."

"चोरीला गेला?"

"नाही. माझ्या मिस्टरांनी दिला."

"हे बघा मॅडम," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे कारणं ठरलेली असतात. स्वतःचं आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू, नैसर्गिक आपत्ती. यात तुमचं कशात बसतं?"

नैसर्गिक आपत्तीपाशी मी क्षणभर थांबले, पण ते प्रामाणिकपणाचं झालं नसतं.

"नाहीतर 'इतर'मध्ये घालते. पण त्याला पुरावा लागतो. तुमच्या मिस्टरांचं लेखी निवेदन आणा, त्यांनी काय दिलं, काय पुसलं, सगळं. खाली सही. मी पुढे पाठवते. ह्याला कोणी नाही म्हणणार नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "देतील ना लिहून?"

"देतील की," मी म्हणाले.

सुदर्शनने निवेदन लिहायला घेतलं, हे खरं आहे. त्याने लिहिलं, 'काही अनपेक्षित तांत्रिक बिघाडामुळे माझ्या पत्नीचा डेटा उपलब्ध होऊ शकला नाही.' मी वाचलं.

"बिघाड कुठे होता?"

"अगं, लिहायची पद्धत असते ती."

"तू बॅकअपची डिस्क पुसलीस. तेवढं एक वाक्य लिही."

तो उठून खिडकीशी गेला. "मी संगणकीकरण समितीवर आहे. उद्या हा कागद फिरत फिरत कुठे जाईल सांगता येतं? माणसं हसतील. बँकेत माझं नाव पुढच्या पदासाठी गेलंय, तुला माहितीये. एवढ्याशा गोष्टीसाठी माझं लेखी कशाला हवं?"

"माझी नोंदणी जाईल सुदर्शन."

"नाही जाणार. मी करतो काहीतरी."

आणि त्याने केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने टेबलावर एक कागद ठेवला. सोसायटीतल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मला सप्टेंबरात टायफॉइड झाला होता आणि सक्त विश्रांती सांगितली होती. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

"बघ," तो म्हणाला, "कुणालाच त्रास नाही."

माझी एक जुनी आठवण इथे सांगायला हवी. एका मोसमात माझ्या लक्षात आलं की एका टेकडीवर मी वापरलेली पट्टी टोकाला किंचित झिजली होती. फरक केसाएवढा. मी तो अख्खा मोसम प्रबंधातून काढून टाकला. सर म्हणाले होते, कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं होतं, मला कळलं. आता माझ्यासमोर माझाच टायफॉइड पडलेला होता आणि त्याची तारीखवार नोंद होती.

मी तो कागद घेतला नाही. पण कागद टेबलावर राहिला आणि आजार मात्र जिन्यातून खाली उतरला. कारण सासूबाईंचं मत असं पडलं की उद्या कुणी विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एक हवं. खोटं बोलायचं तर नीटनेटकं बोलावं. त्यांनी शेजारी सांगितलं. दोन दिवसांत दारावर मोसंबी येऊ लागली. "बारीक झालात हो!" म्हणून सोसायटीतल्या बायकांनी माझी चौकशी केली. आप्पासाहेबांनी गावाकडून गुळवेल पाठवली आणि वर निरोप दिला, "म्याडमना म्हणावं, दगडं मोजाय उन्हात हिंडू नगा." माझ्या ताटात मऊ भात पडू लागला. कॉलेजात प्राचार्यांनी माझं पर्यवेक्षण काढून घेतलं, आणि स्टाफरूममधल्या संगणकापासून मला हळूच दूर ठेवलं गेलं, टायफॉइड हाताने पसरतो म्हणून. तो पाण्याने आणि अन्नाने पसरतो. मी हे सांगितलं नाही. मला टायफॉइड नव्हताच, हे सांगायचं राहिलं असताना तो कसा पसरतो हे सांगण्यात अर्थ नव्हता.

दसरा आला. नवा लॅपटॉप घरी आला. सासूबाईंनी पाट मांडला, रांगोळी काढली, लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. खरोखर सुंदर लॅपटॉप होता. बटण दाबलं की लगेच उजळे. सुदर्शनने चिमटीत धरून पडद्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा सावकाश सोलायला सुरुवात केली.

मी त्याच्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं.

"सुदर्शन, उद्या मुदतीचा अर्ज द्यायचा शेवटचा दिवस आहे. एक वाक्य लिही आणि सही कर."

तो पापुद्रा अर्ध्यावर आला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "आज? सणाच्या दिवशी?" आणि मग अगदी प्रेमाने, "अगं, ते टायफॉइडचं आहे ना."

सासूबाई म्हणाल्या, "सोनं घ्या आधी," आणि माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात खिडकीवर त्याच बाई होत्या. मी कागद सरकवला. त्यांनी वाचला, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

"टायफॉइड," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. शिक्का मारला, सहा महिन्यांच्या मुदतवाढीची पोच दिली आणि खिडकीतून म्हणाल्या, "तब्येतीला जपा, मॅडम." हे त्या उपहासाने म्हणाल्या की मनापासून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पुन्हा लिहिते आहे. नव्या लॅपटॉपवर सुदर्शन बँकेच्या बैठका घेतो. त्याचा पडदा मोठा आहे. त्याचा जुना, बँकेने खात्यातून कमी केलेला, मला मिळाला. त्याचे दोष हळूहळू माहीत होताहेत. दोन टेकड्यांचं प्रकरण मी वगळलं. तिथल्या दगडांबद्दल मी आता जे काही लिहीन त्याला पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय मी लिहीत नाही.

परवा कुणीतरी विचारलं, प्रबंधाचं काय झालं? मी बोलायच्या आत सुदर्शन म्हणाला, "होत आलाच होता हो. नेमका हिला टायफॉइड झाला." मी वळून त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलतोय असं त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याला ते तसंच आठवत होतं. वर म्हणाला, "काय दिवस काढले आम्ही, आमचं आम्हाला माहीत."

मला टायफॉइड झाला होता, याला विद्यापीठात सही-शिक्क्याचा पुरावा आहे. त्याने काय केलं, याला कुठेही नाही.